बाबा विचारतात, तुझा आवाज वेगळा कुणाला ऐकू येणार?

ताई, मी मूळची साताऱ्याची. पुण्यात हॉस्टेलवर राहून बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि कॉलेजच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, आल्टो (मुलींच्या खालच्या पट्टीचा भाग) गाते. येत्या जुलैत आमचा ३६ जणांचा कॉयर वेल्समधल्या लॅन्गोलेनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात स्पर्धेला जाणार आहे. त्याला जोडून तिथल्या दोन चर्चमध्ये आमचे कार्यक्रम आहेत. माणशी खर्च २ लाख ४० हजार, त्यातले ४० हजार कॉलेज देणार. शिकवण्या घेऊन साठवलेले माझे ४५ हजार आहेत. ६० हजारांचा पहिला हप्ता महिनाअखेर भरायचा आहे. बाबा म्हणाले, "घोळक्यात उभं राहून गायला दोन लाख? तुझा आवाज वेगळा कुणाला ऐकू येणार आहे? एकटीचं गाणं असतं तर गोष्ट निराळी." बाबा स्वतः भजनी मंडळात टाळ धरतात, म्हणून जास्तच लागलं. त्यांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं उरलीत, धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. आई हळूच म्हणते, "यांना कळू न देता माझ्या पाटल्या ठेवून पैसे आणते." कॉयर घेणाऱ्या सरांना काय सांगू? आणि खरं सांगू का, बाबांचं बोलणं मला पटतंसुद्धा. माझा आवाज खरंच कुणाला ऐकू येत नाही.
– दुसऱ्या रांगेतली

प्रिय दुसऱ्या रांगेतली,

तुझं शेवटचं वाक्य आधी घेते. पैशांचा प्रश्न अवघड असला तरी कागद-पेन घेऊन तो सोडवता येतो. हे वाक्य मात्र मनात तसंच ठेवून तू वेल्सला गेलीस काय आणि साताऱ्याला थांबलीस काय, ते तुला कुरतडत राहणार.

तुमच्या रियाजातला एखादा साधा, लांब धरलेला मेळ, म्हणजे एकाच वेळी लागलेले वेगवेगळे स्वर, आठव. बास (पुरुषांचे खालचे आवाज) खाली 'सा' धरून आहेत, टेनर (पुरुषांचे वरचे) 'प'वर आहेत, सोप्रानो (मुलींचे वरचे) वरच्या 'सा'वर. आल्टोला काय दिलेलं असतं? बहुतेक वेळा 'ग'. आता तो 'ग' काढून टाक. 'सा-प-सा' उरतो. भक्कम, पण पोकळ. तो आनंदाचा आहे की दुःखाचा हे ऐकणाऱ्याला सांगताच येत नाही. गंधार शुद्ध लागला की तोच मेळ उजळतो, कोमल लागला की झाकोळून जातो. सगळ्या कॉयरचा भाव त्या एका मधल्या स्वरावर ठरतो आणि तो स्वर तुमच्या रांगेच्या हातात असतो. तुझा आवाज वेगळा काढून कुणाला दाखवता येणार नाही हे खरं. पण तो नसला तर बाहेरच्या माणसालाही काहीतरी हरवल्याचं कळतं.

यातही एक बारीक गोष्ट आहे, ती तुझ्या सरांनी नक्की सांगितली असेल. पियानोवरचा शुद्ध गंधार किंचित चढा असतो. साथीशिवाय गाणारा चांगला कॉयर त्या चढ्या गंधारावर थांबत नाही, केसभर खाली उतरून खऱ्या जागेवर जातो आणि त्या क्षणी मेळ एकदम शांत होतो. ती जागा म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार. पेटीवर तो सापडत नाही, गळ्यालाच शोधावा लागतो. आल्टोच्या दहाएक मुलींनी एका वेळी, एकमेकींचं ऐकत तो शोधायचा आणि कुणाचाही गळा पुढे न काढता धरून ठेवायचा, हे एकटीच्या गाण्याहून हलक्या दर्जाचं काम आहे असं मला कधीही वाटलेलं नाही. मी स्वतः त्या रांगेत उभी राहिले आहे, म्हणून ठामपणे सांगते.

हे बाबांना पत्रानं किंवा फोनवर समजावायला जाऊ नकोस. त्यांना एका रविवारी तालमीला बोलाव. साताऱ्याहून सकाळची एसटी धरली तर दुपारच्या आत पुण्यात पोचतात आणि रात्री परत घरी. सरांना आधी विनंती करून ठेव: एकच ओळ आधी आल्टोशिवाय गाऊन घ्यायची, मग आल्टोसकट. दोन मिनिटांचं काम आहे, कुठलाही कॉयर घेणारा माणूस ते हौसेनं करेल. बाबांना काही सांगू नकोस, विचारू नकोस. जो माणूस वर्षानुवर्षं भजनात टाळ धरतो, बुवांनी अभंग उचलला की मागून धृपद धरतो, त्याचा कान या बाबतीत माझ्या-तुझ्यापेक्षा तयार असतो. बुवा एकटेच गायला लागले आणि मागचे सगळे गप्प बसले तर भजन कसं लुळं पडतं, हे त्यांनी अनुभवलेलं आहे. टाळकऱ्याचा आवाज वेगळा ऐकू यावा अशी अपेक्षा कुणी करत नाही. तरी मंडळ त्याच्याशिवाय उभं राहत नाही.

आता तुम्ही जाताय त्या जागेविषयी, कारण बाबांच्या मनात 'परदेश सहल' एवढंच चित्र असणार. लॅन्गोलेन हे उत्तर वेल्समधलं डी नदीकाठचं छोटं गाव. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, तुटलेले देश पुन्हा एकत्र गावेत म्हणून तिथे हा महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी फ्रान्समध्ये रेल्वेचा संप होता, तेव्हा हंगेरीचा कॉयर मिळेल ते वाहन पकडत गावात पोचला. १९४९ मध्ये ल्युबेकहून जर्मन कॉयर आला. युद्ध थांबून चारच वर्षं झाली होती आणि ब्रिटनमधल्या एका गावानं जर्मन गायकांना आपल्या मंचावर उभं केलं. बाहेरून येणाऱ्यांना गावातल्या लोकांनी आपापल्या घरी ठेवून घ्यायचं, ही तिथली जुनी रीत. लोक आपापल्या पोशाखात गावातून मिरवणुकीनं निघतात आणि रस्त्यातच गातात.

या महोत्सवातली एक हकिगत बाबांना जरूर सांग. १९५५ साली इटलीतल्या मोडेना गावचा पुरुषांचा कॉयर तिथे आला होता. त्यात एक पाव भाजणारा बेकर होता, फर्नांडो, आणि त्याच्या सोबतीला त्याचा १९ वर्षांचा मुलगा. दोघंही त्याच घोळक्यात उभे राहून गायले आणि त्यांच्या कॉयरला पहिलं बक्षीस मिळालं. त्या मुलाचं नाव लुचानो पावरोत्ती. पुढे जगातला सर्वात गाजलेला टेनर झाल्यावरही तो सांगत राहिला की गाणं हाच आपला मार्ग, हे त्या विजयानं ठरवलं. १९९५ मध्ये तो त्याच गावात पुन्हा येऊन गायला. तू पावरोत्ती होशील म्हणून हे सांगत नाही. जगात ज्याचा आवाज लाखात ओळखू यायचा, तो माणूससुद्धा तिथे गेला तेव्हा बापाशेजारी रांगेतलाच एक होता, एवढंच बाबांनी ऐकावं.

आपल्याकडेही ही वाट नवी नाही. मुंबईचा परांज्योती अकॅडमी कोरस कूमी वाडियांच्या हाताखाली परदेशांत गाऊन आला आहे. शिलाँग चेंबर कॉयरनं २०१० मध्ये चीनमधल्या शाओशिंगला वर्ल्ड कॉयर गेम्समध्ये सुवर्ण पुरस्कार मिळवले. गोव्यात तर चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलं नोटेशन वाचत मोठी झाली. तुझ्या घरात ही परंपरा नाही, म्हणून बाबांना ती परकी वाटते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

आता पैसे. मला वाटतं, बाबांचा 'घोळका' हा शब्द गाण्याविषयी कमी आणि जुलै महिन्याविषयी जास्त आहे. भाऊ बारावीला आहे. इंजिनिअरिंगला जायचं म्हटलं तर कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेऱ्या) आणि प्रवेशाची फी जुलै-ऑगस्टच्या सुमारासच येणार, बाहेरगावी नंबर लागला तर हॉस्टेलचं डिपॉझिट वेगळं. तुझ्या दौऱ्याचा शेवटचा हप्ता त्याच्या थोडा आधी असणार. दोन वर्षांत पगार थांबणाऱ्या माणसाला ते दोन आकडे एकाखाली एक दिसतात. मुलीला 'माझ्याकडे नाहीत' म्हणणं बापाला जड जातं, मग तो तिच्या गाण्याला नावं ठेवतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण तू ते ओळखलंस तर भांडण होणार नाही. त्यांच्यासमोर कागद घेऊन बस आणि कुठल्या तारखेला किती लागणार हे दोघांचं मिळून लिही, तुझं आणि भावाचं.

गणित असं दिसतं: २ लाखांत तुझे ४५ हजार गेले की १ लाख ५५ हजार उरतात. त्यासाठी पर्सनल लोन काढायचं नाही. आईच्या पाटल्या तर अजिबात नाही. आई प्रेमानंच म्हणते आहे, यात शंका नाही. पण बाबांपासून लपवून गहाण टाकलेल्या सोन्यावर तू वेल्सला गेलीस तर प्रत्येक फोटो घरी पाठवताना तुझ्या पोटात गोळा येणार, आणि ज्या दिवशी हे उघडं पडेल त्या दिवशी रोष तुझ्यावर नाही, आईवर निघेल. आईला स्पष्ट सांग: "पाटल्या राहू देत, तू फक्त बाबांसमोर माझ्या बाजूनं एकदा बोल." तिला ते सोनं देण्याहून अवघड जाईल, पण खरी मदत तीच आहे.

मग सरांना भेट. एकटी, तालमीनंतर, आणि याच आठवड्यात. त्यांच्याकडून तीन गोष्टी स्पष्ट करून घे. २ लाख ४० हजारांत नेमकं काय काय धरलं आहे: विमान, व्हिसा, तिथला बसप्रवास, राहणं, जेवण, विमा, स्पर्धेची प्रवेश फी? आपल्याकडे 'सगळं धरून' म्हणतात आणि जेवणाचे पैसे तिथे गेल्यावर पाऊंडात मोजावे लागतात. दुसरं, आणि हे सर्वात महत्त्वाचं: व्हिसा नाकारला गेला किंवा तू आजारी पडलीस तर किती पैसे परत मिळतात आणि कुठल्या तारखेपर्यंत? ग्रुप बुकिंगमध्ये बहुधा आधी अनामत घेतात, तिकिटं नावानिशी नंतर निघतात, तोवर नाव बदलता येतं. ती तारीख लेखी मागून घे. तिसरं, दोन चर्चमधल्या कार्यक्रमांना श्रोते कोण जमवणार? महोत्सवाची मला काळजी नाही, तिथे अर्ज करून प्रवेश मिळवावा लागतो. पण जोडीचे कार्यक्रम काही वेळा टूर कंपनीनं वेळापत्रक भरण्यासाठी घातलेले असतात. पोरं नटूनथटून उभी राहतात आणि समोरच्या बाकांवर दोन पर्यटक टेकलेले असतात. तिथला एखादा स्थानिक कॉयर यजमान असेल, चर्चच्या कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव असेल, तर ती खरी मैफल. तसं नसेल तर त्यातली एक रद्द करून खर्च कमी करा, असं सरांना सुचवायला अजिबात लाजू नकोस.

दौरा टूर कंपनीच्या पॅकेजमधून असेल तर त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनी पैसे घेतानाच गोळा करते तो आयकर, लागतो. तो २ लाख ४० हजारांत धरला आहे की वेगळा, तेही विचार. पैसे बाबांच्या खात्यातून गेले आणि पावती त्यांच्या पॅनवर असली तर रिटर्न भरताना ती रक्कम त्यांच्या करात वळती होते. तुझ्या नावावर भरलेस तर परत मिळवायला तुला वेगळं रिटर्न भरावं लागेल. बाबांना हा मुद्दा आवडेल.

आणि सरांना एक गोष्ट माझ्या वतीनं विचार. ३६ जणांत तू एकटीच अडचणीत असशील हे मला पटत नाही. तीन-चार जण तरी गप्प बसून हप्त्याची तारीख मोजत असणार. कॉलेजनं सरसकट प्रत्येकी ४० हजार वाटण्यापेक्षा तो पैसा गरजेप्रमाणे का वाटू नये? निघण्याआधी पुण्यात तिकीट लावून एक निरोपाचा कार्यक्रम करा, माजी विद्यार्थ्यांना आवर्जून बोलवा, त्याचा सगळा गल्ला अशा मुलांसाठी ठेवा. ज्या कॉयरमध्ये पाकीट बघून आवाज निवडले जातात तो कॉलेजचा कॉयर राहत नाही, हे मी कुठल्याही प्राचार्यांसमोर म्हणायला तयार आहे.

या सगळ्यातून १ लाख ५५ हजारांचे ९०-९५ हजारांवर आले आणि ते बाबा भावाच्या फीला धक्का न लावता देऊ शकले, तर जा. मनात काही न ठेवता जा. तेवढ्यावर आले नाहीत तर नको, आणि तसं सरांना महिनाअखेरीच्या आत सांग. मे महिन्यात माघार घेणं सर्वात वाईट. छत्तिसांच्या कॉयरमध्ये नऊ-दहा आल्टो असतात. त्यातली एक ऐनवेळी गळाली तर उरलेल्यांचा तोल बिघडतो. लवकर सांगितलंस तर सर दुसऱ्या मुलीला तयार करतील आणि तिला तुझ्या जागा शिकवायला तूच बसशील. निरोपाच्या कार्यक्रमात तू गाशीलच. त्यात कमीपणा काही नाही.

जायचं ठरलं तर ब्रिटनचा व्हिसा प्रत्येकाचा वेगळा असतो, ग्रुपचा म्हणून एक अर्ज होत नाही. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो, बोटांचे ठसे दिल्यावर निकालाला साधारण तीन आठवडे धर. म्हणजे एप्रिल हा तुमचा महिना. आणि तोच परीक्षेचा, म्हणून कागद मार्चमध्येच गोळा करून ठेव: कॉलेजचं बोनाफाइड, महोत्सवाचं निमंत्रण, बाबा खर्च करणार असल्याचं त्यांचं पत्र, त्यांचं बँक स्टेटमेंट आणि रिटर्न. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. अर्ज बऱ्याचदा कशावर अडतात? महिनोन् महिने रिकाम्या असलेल्या खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी मोठी रक्कम आणून टाकतं, आणि ती कुठून आली हे कागदावर दिसत नाही. पाटल्यांच्या पैशांनी नेमकं हेच झालं असतं. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही, म्हणून अर्जात खरं तेच आणि सुसंगत लिही.

आईला खाऊ द्यायचा असेलच. चिवडा, मेतकूट, चटण्या चालतात. पेढे, तूप, श्रीखंड असं दुधाचं काहीही भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. तिला आधीच सांग, नाहीतर ती मन लावून करेल आणि सगळं टाकून द्यावं लागेल. जुलैमध्येही तिथे गारवा आणि पाऊस असतो, दगडी चर्चमध्ये तर जास्तच, तेव्हा कार्यक्रमाच्या साडीच्या आत घालायला पातळ लोकरीचं काहीतरी घे. विमानातली हवा फार कोरडी असते. पाणी पीत राहा आणि मैत्रिणींशी इंजिनाच्या आवाजावर ओरडून गप्पा मारू नकोस, गळा गाण्यानं बसत नाही एवढा त्यानं बसतो. आणि चर्चमध्ये पहिल्यांदा उभ्या राहाल तेव्हा गोंधळशील: तुम्ही थांबल्यावरही सूर वर छताशी रेंगाळत राहतो आणि पुढच्या ओळीत मिसळतो. अशा जागी सर लय थोडी उतरवतील, तुम्ही शब्दांच्या शेवटची व्यंजनं सगळ्यांनी एकाच क्षणी टाकायची. पुण्याच्या हॉलमध्ये याची सवय होत नाही, म्हणून एखादी तालीम शहरातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये करता आली तर सरांना सुचव.

पासपोर्ट आहे का, हे तू लिहिलेलं नाहीस. नसेल तर हे पत्र वाचून झाल्यावर आधी तो अर्ज कर, हप्त्याचं नंतर बघू. पत्ता हॉस्टेलचा द्यायचा की साताऱ्याचा हे नीट ठरव, कारण पोलीस पडताळणी तू सध्याचा म्हणून जो पत्ता देशील तिथे येते आणि त्या वेळी तू तिथे असावी लागतेस. परीक्षेच्या तोंडावर साताऱ्याला धावपळ नको असेल तर हॉस्टेलचा पत्ता दे आणि रेक्टरकडून राहण्याचा दाखला आजच मागून ठेव.

तुझी,
ताई